वन्संनी लावलेल्या खिडक्या

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकीकडे बघतात. बाहेरचं काही बघत नाहीत. चौकट गुण्यात आहे की तिरकी, भिंत स्क्रू धरेल का, ऊन कुठून येतं, एवढं बघून झालं की मग बसतात. लोकांना वाटतं, बाई शिष्ट आहेत. तसं नाही. पडदे शिवण्यात आणि ब्लाइंड बसवण्यात उभं आयुष्य गेलं त्यांचं. त्यांना घर म्हणजे खिडक्याच.

दुकान खरं तर भावोजींचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं. पण भावोजी एकदा शिडीवरून पडले आणि कंबर कायमची धरली. तेव्हापासून ते गल्ल्यामागच्या उंच खुर्चीत बसतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात. शिडी वन्संकडे आली. सुरुवातीला लोक म्हणायचे, बाईमाणूस शिडीवर कसं चढणार? वन्सं म्हणायच्या, "शिडीला काय कळतंय." मी त्या दुकानात मशीनवर बसते. पुढे अरुंद दुकान, मधे दार, मागे कामाची खोली. तिथे कापायचं लांब टेबल, दोन मशिनी, कापडाचे तागे आणि एक मोठी खिडकी. त्या खिडकीला नमुन्यासाठी एक ब्लाइंड लावलेला होता. गुंडाळून वर जाणारा, बाजूला मण्यांची पांढरी साखळी. साखळी ओढली की पडदा वर, दुसरीकडून ओढली की खाली. साखळीची टोकं जोडलेली असतात, त्यामुळे खाली एक लांबट फासा लोंबत राहतो.

त्या साखळीबरोबर खोक्यात एक प्लास्टिकचा छोटा तुकडा येतो. तो भिंतीला स्क्रूने बसवायचा आणि साखळी त्यात अडकवून ताठ करायची, म्हणजे फासा राहतच नाही. पण नव्या रंगवलेल्या भिंतीला आणखी भोकं पाडलेली कुणाला आवडतात? गिऱ्हाईक म्हणायचं, राहू द्या हो. वन्सं राहू द्यायच्या. नव्या सदऱ्याबरोबर येणारं जादाचं बटण कुठे कुणी लावतं? तसे ते तुकडे एका पत्र्याच्या डब्यात साठत गेले. सगळेच बसवणारे असंच करायचे.

वन्संना एकच मुलगी, माझी भाची. ती छापखान्यात कामाला आहे. जावई बोटीवर, सहा-सहा महिने घरी नसतात. भाचीला मुलगा झाला, आणि ती कामावर परत गेली तेव्हा तो दुकानात आमच्याकडे राहू लागला. वजनाने दणदणीत, स्वभावाने शांत, बसवला तिथे बसणारा. भावोजींनी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं आणि तेच चिकटलं. मागच्या खोलीत, खिडकीजवळ वारा येतो म्हणून, त्याचा घडीचा पाळणा लावलेला असायचा. चारी बाजूंनी जाळी, वर कठडा. कठडा धरून उभं राहायला तो नुकताच शिकला होता. उभा राहिला की आपण काय पराक्रम केला ते सगळ्यांनी बघावं म्हणून वाट बघत राहायचा.

त्या दुपारी तो झोपला होता. पुढे एक बाई नव्या घरासाठी पडदे बघायला आल्या होत्या. त्यांना एवढे नमुने आवडले की ठरेचना. मी ताग्याचं एक टोक धरून उभी, दुसरं टोक वन्संच्या हातात, भावोजी खुर्चीतून कापडाचे गुण गात होते. मधलं दार उघडंच होतं. आतून काही आवाज नव्हता. झोपलेल्या मुलाचा आवाज कशाला येईल?

"ह्यातच जरा फिकट रंग आहे, थांबा, आणते," म्हणून वन्सं आत गेल्या.

मला आधी कापडाचा तागा जमिनीवर पडल्याचा आवाज आला. मग वन्संचा. त्या किंचाळल्या नाहीत. खोल पाण्यात पडलेल्या माणसाने श्वास ओढावा तसा काहीतरी आवाज होता. मी धावले.

ठोंब्या पाळण्यात उभा होता. निदान मला तसं वाटलं. मग दिसलं की गुडघे वाकलेत, मान एका अंगाला कलली आहे आणि साखळी गळ्याभोवती आहे. झोपेतून उठला असणार, खिडकीशी लोंबणारी साखळी हातात घेतली असणार, डोक्यातून घातली असणार. मग पाय दमले आणि तो बसायला गेला. त्याच्या चेहऱ्याचा रंग मी सांगत नाही.

वन्संनी एका हाताने त्याला काखेतून उचलून वर धरलं. साखळी ओढत बसल्या नाहीत, आधी त्याचं वजन साखळीवरून काढलं. मग दुसऱ्या हाताची बोटं गळ्याशी घातली. मणी कातडीत रुतले होते. साखळी सुटली आणि तो त्यांच्या अंगावर ओल्या टॉवेलसारखा पडला.

"फोन लाव," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे. भावोजी गल्ल्यामागून फोन कानाला लावून भिंत धरत धरत येतच होते. फोनवरचा माणूस जे सांगत होता ते ते मोठ्याने बोलत होते, आणि त्यांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. "टेबलावर आडवा ठेव. कडक जागेवर. हनुवटी जरा वर. जास्त नको. तोंडावर आणि नाकावर मिळून तुझं तोंड ठेव. हळू फुंक. छाती वर येते का बघ." वन्सं फुंकत होत्या. कापायच्या टेबलावर, खडूच्या रेघांवर, तो पडला होता. मी त्याचे पाय धरून उभी होते. पाय कशाला धरले होते ते मला अजून कळलेलं नाही.

मग तो खोकला. एकदा खोकला, जोरात श्वास ओढला आणि रडायला लागला. घोगरं, फाटक्या आवाजातलं रडणं. त्याच्याइतकं गोड काही मी ऐकलेलं नाही. पडदे बघायला आलेल्या बाई दारात भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला ठेवून घेतलं. आता बरा दिसतोय, पण गळ्याला आतून सूज येऊ शकते, म्हणून लक्ष ठेवावं लागेल, म्हणाल्या. वन्संनी विचारलं, "मी दाराच्या पलीकडेच होते. मला ऐकू कसं आलं नाही?"

"अशी मुलं ओरडत नाहीत, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ओरडायला हवा लागते. तुम्ही वेळेवर गेलात."

हे धीर देण्यासाठी सांगितलं होतं. पण वन्सं त्या एकाच शब्दावर अडल्या. वेळेवर म्हणजे काय? फिकट रंगाचं कापड हवं होतं म्हणून त्या आत गेल्या होत्या. त्या बाईंना पहिलाच रंग आवडला असता तर?

भाची छापखान्यातून तशीच आली, बोटांना शाई. मुलाच्या गळ्याभोवती लाल ठिपक्यांची रेघ होती, मण्यामागून मणी. ती ठिपक्यांकडे बघत राहिली.

"कशानं?"

"साखळीनं," वन्सं म्हणाल्या. "मागच्या खोलीतल्या खिडकीच्या."

"तूच लावलेली."

"हो."

 भाची भांडली असती तर बरं झालं असतं. सोडायच्या वेळी नर्सने मूल आणून दिलं तेव्हा सवयीने वन्संनी हात पुढे केले. भाची म्हणाली, "आत्ता नको, आई." हळूच म्हणाली, पण वन्संचे हात तसेच पुढे राहिले. शेवटी मी त्यांच्या हातात औषधांची पिशवी दिली.

त्यानंतर ठोंब्या दुकानात आला नाही. त्याला एका बाईंच्या पाळणाघरात ठेवायला सुरुवात केली आहे, असं भाचीने भावोजींना फोनवर सांगितलं. आईशी ती बोलायची, पण जेवलीस का, झोपलीस का, एवढंच.

वन्संनी दुकानातल्या आणि घरातल्या सगळ्या साखळ्या उतरवल्या. पत्र्याचा डबा काढला, त्यातले तुकडे टेबलावर ओतले आणि त्यांच्याकडे बघत बसल्या. केवढा तरी ढीग झाला. एकेका तुकड्यामागे एकेक खिडकी होती.

मग त्यांना भीतीने धरलं. मी मशीन चालवत असले की मधेच म्हणायच्या, "वहिनी, थांबव जरा." मी थांबवायची. त्या मान वळवून ऐकत राहायच्या.

"काय झालं, वन्सं?"

"काही ऐकू येत नाही."

"काही नाहीच आहे, म्हणून नाही येत."

"म्हणूनच तर." आणि मागच्या खोलीत जाऊन यायच्या. पाळणा तिथून केव्हाच गेला होता.

 रस्त्याने चालताना एखाद्या मुलाच्या टोपीची नाडी गळ्याशी लोंबताना दिसली की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. पाटी-दप्तराचे पट्टे, चोखणीला बांधून गळ्यात अडकवलेली फीत, पलंगाच्या खांबाला टांगलेली पर्स, खेळण्यातल्या गाडीची दोरी. आपल्याभोवती केवढ्या दोऱ्या आहेत हे मला तोवर माहीतच नव्हतं. आता मलाही दिसायला लागल्या, आणि दिसल्या की दिसतच राहतात.

भावोजी एकदा वैतागून म्हणाले, "अगं, दोरीला साप म्हणत किती दिवस फिरणार आहेस?"

"तो सापच होता," वन्सं म्हणाल्या. "आणि मीच टांगला होता. असे गावभर टांगलेत."

 भावोजींनाही तेच वाटत होतं. ते बोलत नव्हते एवढंच.

एका सकाळी आम्ही दुकान उघडून चहा घेत होतो. भावोजी सहज म्हणाले, "पोरीला ती पाळणाघराची जागा बरी पडते म्हणे. छापखान्यापासून जवळ. चष्म्याच्या दुकानावरचा मजला."

वन्संचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

"कुठल्या चष्म्याच्या दुकानावरचा?"

"चौकातल्या. निळ्या जिन्याच्या इमारतीत."

"अहो, तिथे मी काम केलंय. तिथे एक बाई एकट्या राहायच्या. उंच उंच खिडक्या, करडे ब्लाइंड. साखळी जवळजवळ जमिनीला टेकते." कप खाली ठेवताना चहा सांडला. "खिडकीखाली बाक आहे बसायला."

भावोजींनी भाचीला फोन लावला. छापखान्यात यंत्रांच्या आवाजात फोन कुणाला ऐकू येतो? पुन्हा लावला. पाळणाघराचा नंबर आमच्याकडे नव्हता, मागायचं धाडस कुणी केलं नव्हतं. वन्संनी हत्यारांची पिशवी उचलली. मी पायात चपला सरकवल्या.

बस मिळाली, पण ती मुंगीच्या पावलाने सरकत होती. कुठे तरी रस्ता खणला होता. वन्सं दांडा धरून उभ्या होत्या, शेजारी जागा असूनही. "वहिनी, तो आता चांगला उभा राहत असेल," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाकावर चढताही येत असेल." मी म्हटलं, "वन्सं, तिथे बाई आहेत, लक्ष ठेवायला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात तर आम्ही तिघं होतो.

शेवटी आम्ही उतरलो आणि चालायला लागलो. चालायला कसलं, पळायलाच. पिशवीत पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर एकमेकांवर आपटत होते. निळा जिना आम्ही न थांबता चढलो. वन्संनी घंटी वाजवली. आत घंटी वाजलेली ऐकू आली. मग काहीच नाही. त्यांनी दाराला कान लावला.

"मुलांचा आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. 

पुन्हा घंटी. मी दारावर थाप मारली. माझ्याच तळहाताच्या आवाजाने मी दचकले. आत कुणी तरी पावलं न वाजवता येत होतं. दार उघडलं ते पाळणाघरवाल्या बाईंनी. ओठांवर बोट ठेवलं होतं.

"मुलं झोपलीत. कोण हवंय?"

 वन्सं त्यांना बाजूला सारून आत गेल्या. मी मागोमाग.

खोलीत अंधुक उजेड होता. जमिनीवर गाद्या, गाद्यांवर मुलं, कुणाचा पाय कुणाच्या पोटावर. दोन उंच खिडक्या, करडे ब्लाइंड खाली सोडलेले. पहिल्या खिडकीशी काही नव्हतं. दुसऱ्या खिडकीखालच्या बाकावर एक मुलगी उभी होती, तीनेक वर्षांची असेल. पिवळा झगा. बाकी मुलं झोपली आणि ती गुपचूप उठली असणार. तिने साखळी गळ्यात घातली होती. एकदा घालून, पीळ देऊन, पुन्हा डोक्यातून घातली होती, मोठ्या बायका माळेचे दोन पदर करतात तशी. आणि ब्लाइंडच्या काठातून येणाऱ्या उजेडात स्वतःच्या छातीवरचे मणी बघत होती. बाकाची कड तिच्या टाचांच्या मागेच होती.

पाळणाघरवाल्या बाईंनी तोंड उघडलं. वन्संनी मागे न बघता हात वर केला, गप्प म्हणून.

मी त्या वेळी ओरडले असते. कुणीही ओरडलं असतं. पण ओरडलो असतो तर ती दचकली असती, आणि दचकलेलं मूल उडी मारतं. वन्सं चालत गेल्या, अगदी हळू, गाद्यांच्या मधून, जणू खिडकीचं माप घ्यायला निघाल्या आहेत. आणि बोलत होत्या. आवाज साधा, घरगुती.

"अगं बाई, केवढी छान माळ. कुणी दिली?"

"मीच घेतली," मुलगी म्हणाली.

"मला दाखवतेस? तिथेच उभी राहा हं, मीच येते बघायला. म्हातारीला उशीर लागतो."

मुलगी वळायला लागली. साखळी ताणली गेली. 

"नाही नाही, तशीच उभी राहा, खिडकीकडे तोंड करून. मला मागून बघायची आहे. मागून जास्त छान दिसते."

मुलगी थांबली. वन्संनी शेवटचं पाऊल टाकलं आणि तिच्या कमरेभोवती हात घातला. घट्ट. मग दुसऱ्या हाताने साखळी एकदा काढली, पीळ सोडवला, पुन्हा काढली. मुलगी कडेवर आली तशी वन्सं बाकावर बसल्या, आणि तिथून घसरून जमिनीवर. मुलगी त्यांच्या मांडीत. "माझी माळ," ती म्हणाली. वन्सं तिला पुढे मागे झुलवत होत्या आणि त्यांचे दात वाजत होते. थंडी नव्हती.

"तुम्ही आहात तरी कोण?" पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या.  "मी नुसती दूध गरम करायला आत गेले होते. एवढ्यात..."

"एवढ्यातच होतं," वन्सं म्हणाल्या. "ह्या खिडक्या मी लावल्यात." मग विचारलं, "माझा नातू कुठे आहे?"

ठोंब्या आतल्या खोलीत होता, लाकडी कठड्याच्या पाळण्यात, चांगला जागा, कठडा धरून उभा, कुणी तरी आपला पराक्रम बघावा म्हणून वाट बघत. आजीला बघून हसला. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. त्याच्या गळ्यात नाडीने मागे गाठ मारलेलं लाळेरं होतं. वन्संनी त्याला उचलायच्या आधी ती गाठ सोडली.

मग त्यांनी पक्कड काढली आणि दोन्ही साखळ्या तोडल्या. मणी जमिनीवर टपटप सांडले आणि मुलं जागी व्हायला लागली. आता मणी कुणी तोंडात घालेल म्हणून मी आणि पाळणाघरवाल्या बाई गुडघ्यांवर बसून वेचत सुटलो. एका भीतीतून दुसरी भीती. ब्लाइंड खालीच अडकून राहिले. बाई म्हणाल्या, "राहू द्या. अंधारात बसू."

भावोजींचा फोन शेवटी लागला असावा, कारण भाची धापा टाकत वर आली. दारात उभी राहिली. तिला आधी ठोंब्या दिसला, आईच्या कडेवर. मग तुटक्या साखळ्या. मग पिवळ्या झग्यातली मुलगी, जी अजून माळ मागत होती. पाळणाघरवाल्या बाईंनी काय झालं ते सांगितलं. काही लपवलं नाही.

भाची खिडकीखालच्या बाकावर बसली.

"मी ही जागा नीट बघून घेतली होती, आई," ती म्हणाली. "जिना बघितला. गॅस बघितला. गज बघितले, औषधं कुठे ठेवतात ते बघितलं. ह्याच बाकावर बसून बाईंशी बोलले. साखळी माझ्या खांद्याला लागत होती, ती मी बाजूला केली." तिने हाताने तसं करून दाखवलं. "आणि मला तर माहीत होतं. मला माहीत असून दिसली नाही."

 वन्सं ठोंब्याला तिच्याकडे द्यायला पुढे झाल्या. भाची म्हणाली, "राहू दे तुझ्याकडे. माझे हात कापतायत."

"माझेही कापतायत."

"मग मामीकडे दे."

मी म्हटलं, "माझे काय लोखंडाचे आहेत?" शेवटी तो पाळणाघरवाल्या बाईंकडे गेला. त्यांचे हातही कापतच होते, पण त्यांना सवय होती.

त्या आठवड्यापासून वन्सं घरोघर जायला लागल्या. भावोजींना गिऱ्हाइकांची नावं आठवत नाहीत, पण खिडक्या पाठ आहेत. खुर्चीत बसून डोळे मिटून सांगायचे, तळ्याकडच्या गल्लीत तिसरं घर, गोल खिडकी, बाई फार घासाघीस करणाऱ्या. आम्ही तो पत्र्याचा डबा घेऊन निघायचो. साखळी भिंतीला ताणून बसवायची, लांब दोरी असेल तर कापून दोन सुटी टोकं करायची आणि वर खुंटीला गुंडाळायची, पाळणा किंवा पलंग खिडकीपाशी असेल तर हलवायला सांगायचं. पुष्कळांनी आत घेतलं. काहींनी दारातूनच वाटेला लावलं. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे लहान मूल नाही." वन्संनी विचारलं, "पाहुणे येतात ना?" ते म्हणाले, "तुम्हाला बघून आता तेही येणार नाहीत." पण साखळी बसवून घेतली. एका बाईंनी मात्र दार लावून घेतलं आणि आतून ओरडल्या, अपशकुनी बोलू नका म्हणून. वन्सं त्या बंद दाराशी बराच वेळ उभ्या होत्या. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं. ते ऐकू येत होतं म्हणून त्यांना तिथून निघता आलं. थांबलं असतं तर मी त्यांना हलवू शकले नसते.

आता दुकानात साखळीचे ब्लाइंड मिळत नाहीत. खालची पट्टी धरून वर ढकलायचे तेवढेच ठेवतो. दुसरे दुकानदार वन्संना दोरीवाली म्हणतात. ठोंब्याच्या गळ्यावरचे ठिपके केव्हाच गेले. तो आता पळतो, बोलतो, त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही. पुन्हा आमच्याकडेच असतो. त्याला सोडायला येते तेव्हा भाची आधी खोलीभर फिरते, टेबलाखाली वाकून बघते, पडद्यांच्या मागे हात घालते, मशीनची वायर ओढून बघते. वन्सं तिच्या मागोमाग फिरतात. कुणालाच राग येत नाही. आणि तो मागे खेळताना थोडा वेळ गप्प झाला, तर आम्ही तिघंही एकदम उठतो आणि दारात एकमेकांना अडवतो.

परवा एक तरुण माणूस आला होता. बाळाच्या खोलीसाठी ब्लाइंड हवा म्हणाला, साखळीचा, कारण खिडकी उंच आहे. वन्संनी सांगितलं, साखळीचा देत नाही. का देत नाही तेही सांगितलं, गळ्याला हात लावून. तो हसला, कुत्सितपणे नाही, नवे बाप हसतात तसा. म्हणाला, बाळ अजून महिन्याचंही नाही, ते कुठे उभं राहतंय, आणि पुढच्या दुकानात मिळतो.

"घ्या मग तिथून," वन्सं म्हणाल्या. "पण पाळणा खिडकीपासून लांब ठेवा. आणि हा घ्या." डब्यातला एक तुकडा आणि दोन स्क्रू त्यांनी त्याच्या हातात ठेवले. "बसवायला मी येईन. पत्ता सांगा."

"मीच बसवीन, काकू," म्हणून त्याने ते खिशात टाकले आणि गेला.

वन्सं पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, पण रस्त्यावर गर्दी होती. काल आणि आज मिळून त्यांनी मला किती तरी वेळा विचारलं, "वहिनी, तो कुठल्या बाजूला वळला गं?" मी मशीनवर होते. मला दिसलं नाही.